टाकीनंतरचं पहिलं दळण

दुपारी जेवायला बसल्यावर दुसऱ्याच घासाला दैवशालेच्या दाढेखाली कच आली. कच तिला नवी नव्हती, पण या वेळी ती दाढेचा तुकडाच घेऊन आली. दैवशालेनं तो तळहातावर काढला आणि दाराच्या उजेडात धरून पाहिला. एक बारीक काळा खडा आणि त्याच्या शेजारी दाढेचा पिवळट तुकडा. समोर तिचे यजमान दत्तराव जेवत होते. त्यांनी भाकरी दुधात कुस्करली होती आणि तो काला ते न चावता, डोळे अर्धे मिटून, गिळत होते.

"आवो, ह्ये बघा."

"काय हाय?"

"माझी दाढ."

दत्तरावांनी वाकून पाहिलं. "किडली आसंल."

"किडली न्हाई. खडा लागला. पिठात कच हाय."

"मला तर न्हाई लागली बा."

"तुमाला कशी लागंल?" दैवशाला म्हणाली. "तुमी जेवण चावता का कधी? तुमी तर जेवण पेता!"

दत्तरावांनी वाटी तोंडाला लावली, उरलेला काला पिऊन टाकला आणि ते चक्कीत जाऊन बसले.

पालमच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत दत्तरावांची पिठाची चक्की आहे. पुढं चक्की, मागं दोन खोल्यांचं घर, आणि मध्ये एक दार. त्या दारातून दिवसभर पीठ उडून आत येतं. दैवशालेच्या फडताळावर पीठ, देवांवर पीठ, वाळत घातलेल्या लुगड्यावर पीठ. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून ती मोठ्यानं बोलते, कारण चक्की चालू असताना हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नाही. माहेरी चुडाव्याला गेली की भाऊ म्हणतो, "ताई, जरा हळू, टेसनावरची माणसं वळून बघायलीत." ती हळू बोलून पाहते, आणि दोन वाक्यांनी पुन्हा चक्की चालू असल्यासारखं बोलायला लागते.

आता ही कच कुठून आली ते सांगायला हवं. चक्कीचे दोन दगड दळून दळून गुळगुळीत होतात. मग पीठ जाडंभरडं पडतं, गरम येतं. अशा वेळी वरचा दगड उतरवून दोन्ही दगडांवर छिन्नीनं पुन्हा बारीक खाचा पाडाव्या लागतात. याला टाकी लावणं म्हणतात. टाकी लावली की दगडाची भुकटी खाचांत अडकून बसते. झाडून काढली तरी थोडी राहतेच, आणि ती पुढच्या दळणात उतरते. चक्कीवाले पसाभर धान्य आधी टाकून ते शेळीला घालतात. पण तेवढ्यानं दगड साफ झाला की नाही, हे भाकरी खाल्ल्याशिवाय कुणाला कळत नाही. म्हणून टाकीनंतरचं पहिलं दळण आपलं असू नये, असं प्रत्येकाला वाटतं.

दत्तरावांच्या वडिलांच्या वेळी एकदा असं झालं की गल्लीतल्या एका घरी मुलगी बघायला पाहुणे आले, आणि पहिल्याच घासाला पाहुण्यांच्या तोंडात कच आली. लग्न मोडलं ते कचीमुळं की हुंड्यामुळं, हे कुणी शोधलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलीच्या बापानं सगळं पीठ आणून चक्कीच्या उंबऱ्यावर ओतलं. दत्तरावांचे वडील, आप्पा, मानी. त्यांनी चार माणसांसमोर शब्द दिला, "आजपासून टाकीनंतरचं पहिलं दळण माझ्या घरचं." तो शब्द गावभर झाला. शब्द सासऱ्यांनी दिला आणि भाकरी सासूनं खाल्ली. सासू गेली तेव्हा तिच्या तोंडात एकही दात नव्हता. लोक म्हणाले, वय झालं होतं.

सासूनंतर दैवशाला. सासरे काला करून खात, दत्तरावही काला करून खाऊ लागले. ती खोड बापाकडून लेकाकडं आली तशी कच सासूकडून सुनेकडं आली.

टाकी लागली की रांगेत डबे ठेवून उभी असलेली माणसं आधी एकच विचारतात, "घरचं निघालं का?" निघालं असेल तर पहिला डबा पुढं सरकतो. नसेल तर सगळे गप्प उभे राहतात.

परभणीला दाताच्या डॉक्टरानं दैवशालेची दाढ काढली. एस.टी.नं परत येताना गालाला रुमाल लावून ती दत्तरावांना म्हणाली, "आता ऐका. हितून पुढं घरचं दळण पहिलं जाणार न्हाई. माझ्या तोंडात आता हायेत तेवढे दात मला मरेस्तोर पुरवायचेत."

"बघू," दत्तराव म्हणाले.

"बघू न्हाई. झालं."

"आगं, आप्पांचा शबुद हाय."

"मग आप्पांना म्हणावं, खाली या आन् खा."

त्याच आठवड्यात तिची भाची निकिता आली. निकिता भावाची मुलगी, चुडाव्याची. शहरात व्यवस्थापन शिकून आता ती संशोधन करत होती. तिचा विषय असा की लहान धंद्यात गिऱ्हाईक कशामुळं टिकतं. तिनं आत्याची चक्की निवडली याला कारण होतं. एस.टी. स्टँडच्या कोपऱ्यावर महारुद्र नावाच्या तरुणानं नवी चक्की टाकली होती. तिच्यात दगडच नव्हता, सगळं पोलादी. टाकी लावायला नको, दर कमी, चहा पिऊन होईतो दळण हातात. वर भोंगा लावलेला. "शुद्ध पीठ, मऊ पीठ, कच निघाल्यास पैसे परत," असं तो दिवसभर ओरडायचा. तरी निम्म्याहून जास्त गाव त्याच्या दारावरून डबा घेऊन दत्तरावांकडं यायचं. असं का, हे दत्तरावांना ठाऊक नव्हतं. आपला स्वभाव गोड आहे म्हणून, असा त्यांचा अंदाज. हे पैसे मागायला विसरतात म्हणून, असा दैवशालेचा.

निकिता मोबाइल हातात घेऊन रांगेपाशी बसली आणि विचारायला लागली. पहिल्या तानुबाई. त्यांचं घर महारुद्रच्या चक्कीला भिंतीला भिंत लागून.

"आजी, तुम्ही इथंच दळायला का येता?"

"जवळ पडतंय बाई."

"पण महारुद्रची चक्की तर तुमच्या दारातच आहे."

"हाय की. त्याच्याच भोंग्यानं डोस्कं उठतंय."

"मग हे जवळ कसं?"

"आता तुला सवालच इचारायचे आसतील तर इचार," तानुबाई म्हणाल्या. "मी जवळ पडतंय म्हणून येते."

त्यांच्या मागं बन्सीधर उभे होते. जुने शेतकरी, कुणाच्याही भांडणात मध्ये पडणारे. ते म्हणाले, "माझं बी तेच लिव्ह. जवळ."

बन्सीधरांचं शेत आणि घर दोन्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला. निकितानं लिहिलं. धम्मशीला अंगणवाडीत काम करायची, तिला तरी नीट उत्तर देता येईल असं निकिताला वाटलं. ती हसून म्हणाली, "सवय झाली. आणि खरं सांगू का, जवळ पडतं."

दिवस मावळेतो सगळ्या गावाला दत्तरावांची चक्की जवळ पडते असं सिद्ध झालं. निकिता आत येऊन भिंतीला टेकली.

"बेजार आले गं आत्या. सगळे एकच सांगायलेत, आन् ते खोटं हाय."

"मग कशाला इचारायलीस?" दैवशाला म्हणाली. "सकाळपासनं मी बघायलेय, तुज्यामुळं चार बाया दळण ठिवून गप्पा हाणत बसल्यात. त्यांची पोरं उपाशी."

"आमच्या अभ्यासात म्हणतातच की, माणसाला का म्हणून विचारू नये, तो काय करतो ते बघावं. पण बघू काय? सगळे डबा ठेवतात आन् उभे राहतात."

"मग उभी ऱ्हा तू बी."

बघण्यासारखं दोनच दिवसांनी घडलं. दत्तरावांनी पहाटे दगड उतरवला, खाचा पाडल्या, झाडणीनं झाडलं, पसाभर ज्वारी टाकून भरडा काढला आणि शेजारच्या शेळीला घातला. मग मधल्या दाराशी येऊन हात पुढं केला.

"दे."

"काय देऊ?"

"ज्वारी. पहिलं दळण."

"मी सांगितलं हुतं की न्हाई?" दैवशाला भांडी घासत राहिली. "एकदा सांगितलेलं ह्या घरात कुणाला ऐकू जातंय का? चक्की तर बंद हाय आता!"

दत्तराव रिकाम्या हातानं परत गेले. बाहेर डब्यांची रांग दारापासून नालीपर्यंत गेली होती. सगळ्यात पुढं तानुबाईंचा डबा.

"घरचं निघालं का?" तानुबाईंनी विचारलं.

दत्तरावांना खोटं बोलता येत नाही. हा गुण नाही, अडचण आहे, असं दैवशालेचं मत. ते म्हणाले, "न्हाई. आज तुमचंच पहिलं घेतो."

तानुबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "मला घाई न्हाई. बन्सीधर, तू घे पुढं."

"छ्या छ्या. तुमी आधी आलाव."

"मी म्हातारी हाय. मला कुठं जायचंय?"

"म्हातारी माणसं आधी, अशी रीत हाय."

"बघ गं धम्मशीला, बन्सीधर आज रीत सांगायलाय!"

धम्मशीलेनं आपला डबा हळूच पायानं मागं सारला. तिच्या मागच्यानं आपला आणखी मागं घेतला. रांग पुढं सरकायची ती मागं सरकायला लागली, आणि शेवटचा माणूस नालीत उतरला. जो तो दुसऱ्याला मान देत होता. एरवी ह्याच रांगेत नंबरावरून झिंज्या ओढण्यापर्यंत गोष्टी गेल्या होत्या.

दत्तराव घायकुतीला आले. "आसं करा, जो पहिलं दळंल त्याचं फुकट."

हे ऐकून माणसं आणखी मागं झाली. "फुकट म्हणायलाय," बन्सीधर धम्मशीलेला म्हणाले, "म्हंजी नक्की कच हाय."

मग एक बाई डबा कडेवर घेऊन वळली. तिच्या मागं एक पोरगा. स्टँडकडून भोंगा ऐकू येत होता, शुद्ध पीठ, मऊ पीठ. दत्तराव दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून दगडाशेजारी बसून राहिले.

निकिता धावत स्वयंपाकघरात आली. "आत्या! मला कळालं गं! लोक इथं का येतात ते कळालं!"

"कळालं तर सांग त्यांला. जायलेत ती."

"तू आधी ऐक. तानुबाईला पिठाकडं बघून कच हाय का न्हाई ते दिसतंय का?"

"कसं दिसंल? तोंडात गेल्यावर कळंल."

"पण चक्कीवाल्याला अंदाज असतो. विकणाऱ्याला माहीत आन् घेणाऱ्याला माहीत न्हाई, असा बाजार हाय हा. आमच्या अभ्यासात यावर खूप लिहिलंय. जुन्या मोटारी विकतात ना, त्याच्यावरून सुरुवात झाली. आतून गाडी कशी हाय ते विकणाऱ्यालाच ठाऊक. अशा वेळी घेणारा शब्दावर जात न्हाई, काहीतरी खूण शोधतो. आन् खूण अशी लागते की खोटं बोलणाऱ्याला ती परवडू नये. महारुद्रच्या भोंग्याला ओरडायला काय लागतं? काही न्हाई. म्हणून कुणी ऐकत न्हाई. पण मामा सगळ्यांच्या आधी आपल्या घरात तेच पीठ नेतात, हे परवडत न्हाई खोटं असलं तर. ती खूण हाय. लोकांना सांगता येत न्हाई म्हणून जवळ पडतं म्हणतात."

दैवशालेनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "म्हंजी ह्या चक्कीचं भांडवल माझ्या तोंडात हाय म्हण की."

"हो ना!" निकिताचा चेहरा फुलला होता.

"हसायलीस काय? माझी दाढ गेली."

निकिता ओशाळली. मग म्हणाली, "एक गोष्ट मात्र इथं उलटी हाय. खूण दाखवणाऱ्यानं झळ सोसली तर तो पुढच्या वेळी काम जपून करतो. म्हणून ती खूण खरी ठरते. इथं टाकी मामा लावतात, नाव मामाचं होतं, आन् झळ तुला. दगड नीट साफ झाला न्हाई तर मामाला कुठं कळतंय?"

दैवशालेनं खाली ठेवलेलं भांडं पुन्हा घासायला घेतलं. कचीचा राग तिला सदाचाच होता. तो तिनं ज्वारीवर काढला होता, दगडावर काढला होता, मेलेल्या सासूवरही काढला होता. कुणाच्या हातात टाकी आणि कुणाच्या दाताखाली खडा, असं तिनं कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. आणि बाहेर आणखी एक डबा उचलल्याचा आवाज आला. चक्की बुडाली तर दात वाचवून खाणार काय, हेही तिला दिसत होतं.

ती उठली, कणगीतून पायलीभर ज्वारी काढली आणि मधल्या दारातून बाहेर गेली.

"घरचं आलं!" बन्सीधर ओरडले. नालीतला माणूस वर आला.

दत्तरावांचा चेहरा उजळला. त्यांनी चक्की चालू केली, दळलं, पीठ तिच्या हातात दिलं. तानुबाई डबा उचलायला लागल्या तशी दैवशाला म्हणाली, "थांबा मावशी. अजून झालं न्हाई. तुमी चक्की बंद करा."

ती आत गेली. भाकरी थापल्याचा आवाज बाहेर येत राहिला. लोक एकमेकांकडं बघत राहिले. मग ती ताट घेऊन आली आणि तिनं ते चक्कीच्या उंबऱ्यावर ठेवलं. एक भाकरी, ठेचा, एक कांदा.

"बसा."

"हितं?" दत्तराव म्हणाले. "मंडळी हायेत."

"मंडळीसाठीच बसा."

"दूध कुठाय?"

"दूध न्हाई."

"आगं, माझ्यानं..."

"चावून खायचं. माझी सासू खात हुती, मी खाल्ली. आप्पांनी शबुद दिला तवा खाणाराचं नाव घेतलं नव्हतं. आज तुमी खा."

तानुबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू लपवायला असावा. "खा की दत्तूभाऊ. लय भूक लागल्यागत दिसायलास."

दत्तराव बसले. भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, तोंडात घातला. सवयीनं गिळायला गेले, पण कोरडी भाकरी घशाखाली उतरेना. मग चावायला लागले. चक्की बंद होती, त्यामुळं त्यांचं चावणं सगळ्यांना ऐकू येत होतं. मध्येच ते थांबले. डोळे मोठे झाले. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ती कच झाली होती. त्यांनी जिभेवरून बोटानं काहीतरी काढलं आणि बघत राहिले. मग दैवशालेकडं पाहिलं. ती कंबरेवर हात ठेवून उभी होती.

आत्ता 'कच नाही' असं खोटं म्हणाले असते तर रांग चालू झाली असती. पण त्यांना ते येत नव्हतं.

"कच हाय," दत्तराव म्हणाले.

"हाय म्हणायलाय की!" तानुबाई म्हणाल्या.

"लय बेकार लागती," दत्तराव स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग ताट बाजूला सारून उठले. "कुणी दळू नका. थांबा सगळे." आणि त्यांनी वरचा दगड पुन्हा उतरवायला घेतला. या वेळी झाडणी बाजूला ठेवली. तारेचा ब्रश काढला, खाच न् खाच घासली, ओल्या फडक्यानं पुसली, सुकू दिली. पीठ उतरायची कापडी बाही सोडून झटकली. पसाभराऐवजी शिगोशीग डबाभर भुसा घालून दोनदा दळून काढला. मध्ये मध्ये जीभ दातांवरून फिरवत होते आणि स्वतःशीच चडफडत होते.

याला बराच वेळ गेला. ऊन उंबऱ्यावर आलं. निकिताला वाटलं आता सगळे जातील. पण कुणी गेलं नाही. उलट, आधी निघून गेलेली बाई डबा घेऊन परत आली आणि काय झालं म्हणून विचारायला लागली.

"चक्कीवाला सोताच म्हणला, कच हाय," बन्सीधरांनी सांगितलं. "महारुद्रचा भोंगा कवा आसं म्हणला का?"

दैवशालेनं घरची आणखी ज्वारी दळून घेतली आणि त्या पिठाची भाकरी आणली. दत्तराव पुन्हा उंबऱ्यावर बसले. आता ते भिऊन, एकेका दातानं चावत होते. पहिला घास, दुसरा घास. रांगेतल्या माणसांचे जबडेही त्यांच्याबरोबर हलत होते. अख्खी भाकरी संपली तेव्हा ते म्हणाले, "न्हाई."

तानुबाईंनी डबा पुढं केला.

दळण घेऊन त्या निघाल्या तेव्हा निकितानं त्यांना गाठलं. "आजी, आता तरी खरं सांगा. इथंच का येता?"

"किती येळा सांगू गं पोरी?" तानुबाई वैतागून म्हणाल्या. "जवळ पडतंय."

निकिता दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.नं गेली. दैवशालेचं बेजार होणं मात्र गेलं नाही, त्याला नवं कारण मिळालं. पुढच्या टाकीला गल्लीतली माणसं दळण नसतानाही जमली. दत्तरावांना उंबऱ्यावर बसून कोरडी भाकरी चावताना बघायला. एकानं तर घरून मिरची आणली. दत्तरावांनी त्या दिवशी पहाटे नव्हे, आदल्या संध्याकाळीच टाकी लावली होती, घासून घासून दगडाचा रंग उजळ केला होता, आणि भुसा किती वेळा काढला ते शेजारच्या शेळीलाच ठाऊक. पहिल्याच भाकरीला ते "न्हाई" म्हणाले, आणि लोक थोडे हिरमुसले.

दुपारी दैवशाला जेवायला बसली. पहिल्या दळणाचीच भाकरी होती. सवयीनं तिनं घास डावीकडच्या शाबूत दातांकडं नेला आणि जपून चावला. कच आली नाही. दुसरा घास उजवीकडं, गेलेल्या दाढेच्या जवळ घेतला. तिथंही नाही. तिनं अख्खी भाकरी शोधत शोधत खाल्ली. एक कण लागला नाही. पीठ कसं मऊ, गोड.

ताटातला शेवटचा तुकडा हातात तसाच धरून ती उठली आणि मधल्या दारात जाऊन उभी राहिली. चक्की चालू होती. तिनं त्या आवाजावर आवाज चढवला.

"आवो! म्हंजी जमत हुतं की तुमाला! इतकी वर्सं जमत हुतं!"

दत्तरावांनी कानाला हात लावून ऐकू येत नसल्याची खूण केली.